जुन्या रेल्वेलाईनवरून पहिल्यांदाच चालायला जाताय? मग हे वाचून जा

डोंगर चढायची सवय नाही, गुडघे कुरकुरतात, सोबत लहान पोरं किंवा वयस्कर मंडळी आहेत, पण गावाबाहेर मोकळ्या हवेत तीन-चार तास निवांत चालायचंय, अशा सगळ्यांसाठी जगात बऱ्याच ठिकाणी एक मस्त सोय झालेली आहे, ती म्हणजे बंद पडलेल्या रेल्वेलाईनी. रूळ उखडून नेले, त्यांच्याखालचे आडवे ओंडके म्हणजे स्लीपर काढले, खालची खडी दाबून वर बारीक चुरी किंवा डांबर टाकलं की झाला रस्ता तयार. कुठे याला रेल ट्रेल म्हणतात, कुठे ग्रीनवे, स्पेनमध्ये व्हिया व्हेर्दे.

हा रस्ता सोपा का असतो तर आगगाडीमुळे. लोखंडाचं चाक लोखंडाच्या रुळावर घसरतं, त्यामुळे इंजिनाला चढ झेपत नाही. शंभर मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, एवढाही चढ रेल्वेच्या हिशोबात दखल घेण्यासारखा, आणि पन्नासाला एक म्हणजे इंजिनाची दमछाक. चालणाऱ्याला यातलं निम्मं कळतसुद्धा नाही. तेवढा चढ टाळायला त्या काळच्या इंजिनिअर लोकांनी टेकड्या कापल्या, दऱ्यांमध्ये भराव घातले, बोगदे खणले, आणि वळणं सुद्धा एवढी मोठी ठेवली की आपण वळतोय हे बराच वेळ लक्षातच येत नाही. तो सगळा खर्च करून झालाय, आता फायदा आपल्या गुडघ्यांना.

पण यातच एक गोम आहे. दम लागत नाही म्हणून किती लांब आलो ते समजत नाही, आणि लाईन ही एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारी, ती काही गोल फिरून तुम्हाला परत तुम्ही लावलेल्या गाडीपाशी आणून सोडत नाही. त्यामुळे नवखी माणसं या ट्रेलवर बेजार होतात ती बहुतेक वेळा परतीच्या वाटेवर. खाली जे काही लिहिलंय त्यातलं अर्धं या एका गोष्टीबद्दलच आहे असं समजा.

१. आधी लाईन खरंच बंद आहे ना ते बघा

"तिथून आता गाड्या जात नाहीत" असं कोणीतरी सांगितलं म्हणजे ती लाईन चालायला मोकळी झाली असं अजिबात नाही. प्रवासी गाडी बंद असते पण महिन्यातून एखादी मालगाडी जाते, किंवा रेल्वेची तपासणीची ट्रॉली येते, किंवा गाडी खरंच कधीच येत नाही पण जमीन अजून रेल्वेच्याच नावावर असते आणि तिथे पाऊल टाकणं बेकायदा असतं. माझा साधा नियम आहे, रूळ जागेवर दिसत असतील तर त्यावर चालायचं नाही, रूळ काढून ट्रेल म्हणून जाहीर केलेला, बोर्ड लावलेला रस्ता असेल तरच जायचं. तसंही स्लीपरवरून चालणं हा वैताग असतो, दोन स्लीपरमधलं अंतर साधारण ६० सेंटीमीटर, म्हणजे एकेक घेतला तर पाऊल आखडतं आणि एक सोडून टाकला तर ताणावं लागतं. काही ठिकाणी रूळ असतात आणि त्यांच्या शेजारून वेगळी पायवाट केलेली असते, ती चालेल, पण मधे कुंपण हवं.

दुसरी भानगड मालकीची. लाईन बंद झाली की जमीन बऱ्याचदा तुकड्यातुकड्याने विकली जाते. ब्रिटनमध्ये १९६३ च्या बीचिंग रिपोर्टने सुमारे ५,००० मैल लाईन आणि २,३०० पेक्षा जास्त स्टेशनं बंद करायची शिफारस केली, त्यातल्या कितीतरी लाईनी अशाच शेतकऱ्यांना, कारखान्यांना, घरं बांधणाऱ्यांना गेल्या, पूल पाडले गेले, आणि आज नकाशावर लांबलचक तुटक रेघ दिसते पण प्रत्यक्षात मधे कोणाचं तरी गोठ्याचं आवार असतं. अमेरिकेत १९८३ साली कायद्यात बदल करून वेगळी युक्ती काढली, लाईन मोडीत न काढता "पुढे कधी लागली तर परत घेऊ" म्हणून राखून ठेवायची आणि तोपर्यंत लोकांना चालायला द्यायची, त्यामुळे तिथे सलग लांब ट्रेल जास्त टिकले. आपल्याला यातून एवढंच घ्यायचंय की सॅटेलाइट नकाशात झाडांची लांब सरळ रांग दिसली म्हणून उठून निघायचं नाही, तो तुकडा लोकांना खुला आहे का हे त्या ट्रेलच्या अधिकृत माहितीत बघायचं, आणि त्याच वेळी एखादा पूल किंवा बोगदा दुरुस्तीसाठी बंद आहे का तेही बघायचं. हे दुसरं लोक विसरतात. अमेरिकेतल्या ग्रेट अलेगनी पॅसेज ट्रेलवरचा बिग सॅव्हेज बोगदा दर हिवाळ्यात दारं लावून बंद करतात, आणि बोगदा बंद म्हणजे अख्खा डोंगर वळसा घालून जायचा.

२. सपाट लिहिलंय म्हणून सपाटच असेल असं नाही

बहुतेक ट्रेल खरंच सपाट असतात. पण काही लाईनींचा इतिहासच चढाचा असतो. इंग्लंडमधला हाय पीक ट्रेल ज्या लाईनवर आहे ती क्रॉमफर्ड अँड हाय पीक रेल्वे, तिथे चढ इतका होता की साध्या इंजिनाचं कामच नव्हतं, वर वाफेचं इंजिन एका जागी बसवून डबे दोराने ओढत होते. त्यातल्या मिडलटन इन्क्लाइन नावाच्या तुकड्याचा चढ साधारण आठाला एक आहे, म्हणजे आठ मीटर चाललात की एक मीटर वर. उतरताना गुडघे आठवण करून देतात. जपानमध्ये उसुई घाटातली जुनी लाईनही तशीच, १८९३ साली सुरू झालेली, दातेरी रुळावर चालणारी, चढ पंधराला एक. आता तिथे योकोकावापासून कुमानोदाइरापर्यंत सहा-एक किलोमीटरची चालायची वाट आहे, विटांचा देखणा कमानीचा पूल आणि दहा बोगदे, जावंच असं ठिकाण, पण तिथे जाताना रेल ट्रेल म्हणजे सपाट हे डोक्यातून काढून जा.

साध्या ट्रेलवर चढ कुठल्या बाजूला आहे ते ओळखायची एक सोपी खूण सांगतो. रेल्वे लाईनी नदीच्या काठाकाठाने नेलेल्या असतात कारण नदीने आधीच सगळ्यात हलका उतार शोधलेला असतो. तर नकाशात नदी कुठून कुठे वाहते ते बघा, पाणी जिकडे जातं तिकडे उतार. जायचं यायचं एकाच वाटेने असेल तर आधी वरच्या दिशेने जा, परत येताना पाय दमलेले असतात तेव्हा उतार मिळतो. शंभराला एक चढ दहा किलोमीटर सलग असेल तर तुम्ही शंभर मीटर वर चढलेले असता, डोळ्यांना रस्ता सपाटच दिसतो आणि "आज पाय का जड झालेत" असं वाटत राहतं. वाऱ्याचं पण तसंच. भरावावर आडोसा नसतो, त्यामुळे जोराचा वारा असेल त्या दिवशी जाताना तोंडावर घ्या आणि येताना पाठीवर. चढ आणि वारा यांचं गणित उलटसुलट येत असेल तर मी वाऱ्याकडे बघतो, हलक्या चढापेक्षा तोंडावरचा वारा जास्त थकवतो.

३. किती चालायचं आणि परत कसं यायचं

हा मुद्दा नीट वाचा, बाकीचे वरवर वाचलेत तरी चालतील.

चालण्याचा वेळ काढायचा एक जुना नियम आहे, १८९२ साली नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने सांगितलेला, ताशी साधारण ५ किलोमीटर धरा आणि दर ६०० मीटर चढाला एक तास वाढवा. रेल ट्रेलवर तो चढाचा भाग जवळजवळ उडूनच जातो, वरच्या शंभर मीटरच्या उदाहरणात फक्त दहा मिनिटं वाढतात. पण ताशी ५ हा सलग चालणाऱ्या, सवयीच्या माणसाचा वेग. फोटो, पाणी, बूट झटकणं, पुलावर रेंगाळणं हे सगळं धरून नवख्या ग्रुपने ताशी ३.५ ते ४ च धरावं, आणि सोबत लहान मुलं असतील तर ३ पण खूप झाले.

आता जाऊन-येऊन करणार असाल तर पहिल्या वेळेला एकूण ८ ते १० किलोमीटर बास, म्हणजे ४-५ जाणं आणि तेवढंच येणं. इथे लोक हमखास फसतात, कारण पाचव्या किलोमीटरला तुम्ही अगदी ताजेतवाने असता, पुढचं स्टेशन "फक्त तीन किलोमीटर" असं बोर्डावर लिहिलेलं असतं आणि वाटतं जाऊन येऊ की. ते तीन म्हणजे सहा. म्हणून मागे वळायची वेळ घरूनच ठरवून जायची, अंतर नाही, वेळ. समजा चार तास हातात आहेत तर पावणेदोन तास झाले की जिथे असाल तिथून मागे फिरायचं, कारण परतीला वेग कमी होतोच. फोनमध्ये गजर लावून ठेवा, ग्रुपमध्ये वाद होत नाहीत.

एका टोकाला सुरू करून दुसऱ्या टोकाला संपवायचं असेल तर जास्त मजा येते, एकच वाट दोनदा बघावी लागत नाही. पण मग परतीची सोय. बस असते का, रविवारी असते का, शेवटची किती वाजता, हे आधी बघायचं. आणि माझा आग्रह असा की गाडी शेवटच्या टोकाला लावायची आणि बस किंवा टॅक्सीने सुरुवातीला जाऊन आपल्या गाडीकडे चालत यायचं. उलटं केलंत तर शेवटची बस गाठायची म्हणून शेवटचे तीन किलोमीटर धावतपळत काढावे लागतात, आणि चुकली तर अंधारात ताटकळायचं. दोन गाड्या असतील तर एकेक दोन्ही टोकांना लावा, फक्त पलीकडच्या गाडीची किल्ली बरोबर घेतलीय ना ते निघताना तपासा, हसू नका, हे होतं. काही गाजलेल्या ट्रेलवर शटल बस असतात, अमेरिकेतल्या रूट ऑफ द हायवाथा वर लोक वरून खाली येतात आणि बस त्यांना परत वर नेते, तिथे बहुतेक सायकलवाले असतात पण सोय काय प्रकारची असते ते समजावं म्हणून सांगितलं.

आणखी एक, मधेच सोडून बाहेर पडायची ठिकाणं. साध्या पायवाटेवर कुठूनही शेतातून रस्त्याकडे जाता येतं, इथे तसं नाही. कटिंगमध्ये, म्हणजे टेकडी कापलेल्या भागात, दोन्ही बाजूंना उभी भिंत असते आणि भरावावर दोन्ही बाजूंना घसरडा उतार, त्यामुळे बाहेर पडता येतं ते फक्त जुन्या स्टेशनपाशी, फाटकापाशी आणि जिथे पुलावरून पायऱ्या केल्यात तिथे. अशी ठिकाणं निघण्याआधी नकाशात बघून त्यांच्यातली अंतरं लिहून ठेवा. कोणाचा पाय मुरगळला तर मागे जवळ का पुढे जवळ हे लगेच सांगता आलं पाहिजे. नकाशा फोनमध्ये ऑफलाइन उतरवून घ्या, कारण कटिंगमध्ये नेटवर्क गेलेलंच असतं.

४. पायांची काळजी, इथे खरी वाट लागते

डोंगरवाटेवर प्रत्येक पाऊल वेगळं पडतं, कधी चढ, कधी उतार, कधी दगडावरून उडी, त्यामुळे पायाच्या सगळ्या भागांना आळीपाळीने विश्रांती मिळते. सपाट ट्रेलवर तेच पाऊल, तोच कोन, त्याच जागी घासणं, हजारो वेळा. म्हणून डोंगर चढणारी माणसं सुद्धा वीस किलोमीटर सपाट चालून आली की तळव्याला फोड आणि पोटऱ्यांत गोळे घेऊन येतात आणि त्यांना कळत नाही असं कसं झालं.

बूट जड ट्रेकिंगचे नकोत. वापरलेले, पायाला बसलेले पळायचे बूट बहुतेक ट्रेलवर पुरतात, फक्त अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी कारण चालून चालून पाय सुजतो. अपवाद एक, ट्रेलच्या माहितीत जुनी खडी तशीच आहे असं लिहिलं असेल तर जाड तळव्याचे आणि घोट्याला आधार देणारे बूट घ्या. रेल्वेची खडी मुद्दाम टोकदार असते, गोल गोटे असते तर रुळाखालून सरकले असते, टोकदार दगड एकमेकांत अडकून बसतात, रुळासाठी ते छान पण आपल्या तळव्याला नाही. उलट डांबरी किंवा काँक्रीटचा ट्रेल असेल तर तो टणक लागतो, अशा ठिकाणी कडेला गवताची किंवा मातीची पट्टी असते तिच्यावरून अधूनमधून चालायचं. सगळ्यात चांगला पृष्ठभाग म्हणजे दाबलेली बारीक दगडाची चुरी, अमेरिकेतल्या केटी ट्रेलला अशीच आहे, जवळजवळ ३८६ किलोमीटर, आणि त्यातला बराचसा मिसुरी नदीच्या काठाने. पावसानंतर मात्र हीच चुरी बुटाला चिकटते आणि पोटरीपर्यंत शिंतोडे.

मोजे सुती नकोत, घाम धरून ठेवतात आणि ओल्या कातडीला फोड लवकर येतो. लोकरीचे किंवा सिंथेटिक घ्या, एक जादा जोड पिशवीत. पायाला कुठे गरम गरम, चुरचुरल्यासारखं वाटलं की त्याच क्षणी थांबायचं, "पुढच्या बाकावर बघू" नाही, त्याच क्षणी, बूट काढून, पुसून, तिथे चिकटपट्टी लावायची. फोड यायच्या आधी ही दोन मिनिटं घालवलीत तर पुढचे दोन दिवस वाचतात. तासाभराने एकदा बूट मोजे काढून पाय मोकळे सोडा, पोटऱ्या ताणून घ्या, आणि चालताना मुद्दाम थोडा वेळ लांब पावलं, थोडा वेळ आखूड पावलं असं बदलत राहा. जरा येड्यासारखं दिसतं, पण उपयोग होतो.

५. पिशवीत काय

लांबण लावत नाही. पाणी तासाला अर्धा लिटर धरा, उन्हात जास्त, कारण जुन्या स्टेशनांवर नळ असेलच असं नाही. पटकन खाता येईल असं काहीतरी. हलकं वाऱ्या-पावसाचं जाकीट, टोपी, चिकटपट्टी, पॉवर बँक. बोगदा असेल तर टॉर्च, त्याबद्दल खाली. कडेचं गवत वाढलेलं असतं अशा भागात फुल पँट घाला, गवतात गोचिड्या असतात, संध्याकाळी गुडघ्यामागे आणि मोज्यांच्या कडेला तपासून घ्या. चालायच्या काठ्या ज्यांना सवय आहे त्यांनी घ्याव्यात, सपाटीवर सगळ्यांना गरज नसते.

६. प्रत्यक्ष चालताना

ट्रेलवर दोन प्रकारचे तुकडे आलटून पालटून येतात आणि ते कळले की पुढचा अंदाज बांधता येतो. कटिंग म्हणजे जिथे टेकडी कापलीय, तिथे सावली, गारवा, ओल, शेवाळ, आणि निचरा तुंबला असेल तर चिखल. भराव म्हणजे जिथे दरी भरून काढलीय, तिथे लांबवरचं दिसतं, आणि ऊन वारा सगळा अंगावर. रेल्वेवाल्यांनी कटिंगमधून निघालेली मातीच पुढच्या भरावाला वापरायचा हिशोब केलेला असतो, म्हणून बऱ्याचदा एकामागून एक येतात. थांबायचं असेल तर उन्हाळ्यात कटिंगच्या तोंडाशी थांबा आणि थंडीत भरावाच्या, कटिंगच्या आत खोलवर बसू नका, पावसात वरून दगड सुटू शकतो. कडेला जुने काळे स्लीपर रचून ठेवलेले दिसतात, बसायला छान वाटतात पण त्यांना क्रिओसोट नावाचं डांबरातून काढलेलं औषध पाजलेलं असतं, उन्हात ते पाझरतं, कपड्याचा डाग जात नाही आणि कातडीलाही चांगलं नाही. जाळायचे तर अजिबात नाहीत.

सायकलवाले या ट्रेलवर चालणाऱ्यांपेक्षा जास्त असतात हे गृहीत धरा. बोर्डावर कोणत्या बाजूने चालायचं ते लिहिलेलं असतं, ती बाजू पकडा आणि चौघं आडवी फळी करून चालू नका. मागून घंटी वाजली की दचकून दुसऱ्या बाजूला उडी मारायची नाही, लोक नेमकं हेच करतात आणि मधे येतात, आपल्या बाजूला सरळ चालत राहायचं, तो जाईल बरोबर. दोन्ही कानांत इअरफोन नकोत. फोटोसाठी थांबलात तर रस्त्याच्या कडेला येऊन थांबा. काही ट्रेलवर घोडेही असतात, घोडा दिसला की एका बाजूला उभं राहायचं, बोलत राहायचं म्हणजे त्याला आपण माणूस आहोत हे कळतं, मागून गुपचूप जवळ जायचं नाही. कुत्रा सोबत असेल तर दोरी आखूड, लांब सुटणारी दोरी सायकलच्या चाकात जाते. शेतातून जाताना फाटक जसं मिळालं तसंच ठेवायचं, बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं.

आणि मोबाईलमधले स्टेप्स मोजण्यापेक्षा ट्रेलच्या कडेचे खांब मोजा. बऱ्याच ठिकाणी जुने मैलाचे दगड किंवा नवे किलोमीटरचे खांब असतात, शेवटचा कुठला आकडा पाहिला ते लक्षात ठेवायची सवय लावा, काही झालं आणि मदत बोलवावी लागली तर "झाडांमधून जाणाऱ्या रस्त्यावर आहोत" यापेक्षा तो आकडा कामाला येतो.

७. बोगदे

पहिल्यांदा जाणाऱ्यांना सगळ्यात जास्त उत्सुकता याचीच आणि भीतीही याचीच. निघायच्या आधी दोन गोष्टी बघा, लांबी किती आणि आत दिवे आहेत का, आणि असले तर किती वाजेपर्यंत. इंग्लंडमध्ये मोन्सल ट्रेलचे बोगदे २०११ मध्ये उघडले, त्याआधी लोकांना डोंगरावरून वळसा घालून जावं लागायचं, मोठे बोगदे चारशे मीटरच्या वर आहेत आणि दिवे दिवसाच्या वेळेतच चालू असतात, म्हणजे संध्याकाळी उशीर झाला तर काळोख. बाथ शहराजवळ कूम डाऊन बोगदा तर १,६७२ मीटर, चालत वीस-पंचवीस मिनिटं. न्यूझीलंडच्या ओटागो सेंट्रल ट्रेलवरच्या बोगद्यात दिवे नाहीत, टॉर्च लागतेच. अमेरिकेत विस्कॉन्सिनचा एलरॉय-स्पार्टा ट्रेल, हा १९६७ मध्ये सुरू झालेला, अशा प्रकारच्या अगदी सुरुवातीच्या ट्रेलपैकी एक, तिथला तिसऱ्या नंबरचा बोगदा सव्वा किलोमीटरच्या थोडा आत, छतातून पाणी ठिबकत असतं, आणि सायकलवाल्यांनाही उतरून चालावं लागतं.

टॉर्च फोनची चालते पण तिच्यावर अवलंबून राहू नका, डोक्याला लावायची वेगळी असेल तर हात मोकळे राहतात. तोंडाशी आलात की लगेच आत घुसू नका, गॉगल काढा, जाकीट घाला, एक मिनिट सावलीत उभं राहून डोळ्यांना सवय होऊ द्या. उन्हाळ्यात सुद्धा आत थंडी असते, घामेजलेल्या अंगाला ती चांगलीच बोचते. बोगदा सरळ असेल तर पलीकडचा उजेड ठिपक्याएवढा दिसत राहतो आणि मनाला धीर असतो, वळणाचा असेल तर मधे काही वेळ दोन्ही बाजूंनी काहीच दिसत नाही, लहान मुलांना हे आधी सांगून ठेवा म्हणजे घाबरत नाहीत, उलट त्यांना तेच आवडतं. टॉर्च पायाखाली धरा, समोरच्याच्या तोंडावर नको. भिंतीत ठराविक अंतरावर माणूस उभा राहील एवढे कोनाडे दिसतील, गाडी आली की लाईनवर काम करणारे गँगमन त्यात उभे राहायचे, आता सायकलवाल्यांचा घोळका आला तर तुम्हीही तिथे सरका. छतावर टॉर्च मारत बसू नका, वटवाघळं असतात, त्यांना त्रास होतो, आणि काही बोगदे त्यांच्या मुक्कामाच्या महिन्यांत त्यासाठीच बंदही ठेवतात.

बंद जागेची भीती वाटणारं कोणी सोबत असेल तर पहिला ट्रेल बिनबोगद्याचा निवडा. इंग्लंडमधला टिसिंग्टन ट्रेल हा त्या बाबतीत छान, ॲशबॉर्नच्या बाजूचा एक छोटा बोगदा सोडून सुरुवात केली की पुढे 'पार्सली हे' नावाच्या जुन्या स्टेशनपर्यंत मोकळी कुरणं आणि भराव, आणि हार्टिंग्टनला जुनी सिग्नल केबिन अजून उभी आहे.

८. बघायचं काय

नुसतं चालून आलात तर हा ट्रेल कंटाळवाणा वाटू शकतो हे मी मान्य करतो. लांब सरळ तुकड्यात पंधरा मिनिटं चाललं तरी तेच झाड समोर. म्हणून जुन्या खुणा शोधायची सवय लावून घ्या. कमरेएवढी दगडी कड दोन्ही बाजूंना दिसली तर तुम्ही दोन फलाटांच्या मधून, गाडीच्या जागेवरून चालताय. रस्त्यावरच्या पुलाखालून जाताना वर बघा, कमानीच्या पोटाला अजून इंजिनाची काजळी असते. दोन आडव्या फळ्यांचा बुटका खांब दिसला, एक फळी वर झुकलेली एक खाली, आणि त्यावर आकडा, तर तो ड्रायव्हरला चढ सांगणारा खांब. कटिंगच्या भिंतीत दगडाचे थर उघडे पडलेले असतात.

काही लाईनींच्या गोष्टी वाचून जाण्यासारख्या असतात. व्हेनबान हा १२५ किलोमीटरचा ट्रेल जर्मनी, बेल्जियम आणि लक्झेंबर्ग तीन देशांतून जातो, पहिल्या महायुद्धानंतरच्या तहात ही लाईन बेल्जियमला मिळाली आणि तिच्या पलीकडे राहिलेले जर्मनीचे तुकडे आजही चहूबाजूंनी बेल्जियमने वेढलेले आहेत, गाडी गेली, रूळ गेले, सीमा तशीच. स्पेनमधला व्हिया व्हेर्दे दे ला सिएरा, ३६ किलोमीटर, ३० बोगदे, आणि त्या लाईनवरून कधीही गाडी धावली नाही! बांधकाम जवळजवळ झालं आणि पैसा आणि राजकारण यात सगळं अडकलं. आता बोगद्यांच्या वरच्या कड्यांवर गिधाडं आहेत.

९. जमलं, आता लांबचा करायचाय

दहा किलोमीटर आरामात झाले की एकदम ओटागोसारखा १५२ किलोमीटरचा ट्रेल डोक्यात येतो, स्वाभाविक आहे. त्याआधी एक चाचणी घ्या, लागोपाठ दोन दिवस १२-१२ किलोमीटर चाला. पहिला दिवस सगळ्यांना जमतो, दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालताना काय वाटतं ते खरं उत्तर. ते बरं गेलं तर दिवसाला १५ ते १८ चा हिशोब धरून टप्पे पाडा, सगळ्यात लांब टप्पा दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी ठेवा, पहिल्या दिवशी नको. मुक्काम आधी बुक करा, कारण अशा ट्रेलवर दोन गावांत अंतर सायकलवाल्यांच्या सोयीचं असतं, चालणाऱ्याच्या नाही, आणि जागा भरलेली निघाली तर पुढचं गाव अजून वीस किलोमीटर. सामान पुढच्या मुक्कामी पोचवून देणारी सोय असेल तर तिचे पैसे खुशाल द्या, पाठीवर दहा किलो घेऊन सपाट चालण्यात काही बहादुरी नाही, तळव्यांवर तो सगळा भार येतो. आणि टप्पे ठरवताना मुक्कामाची जागा ट्रेलपासून किती आत आहे ते विचारा, स्टेशनचं नाव गावाचं असतं पण गाव स्टेशनपासून दोन-तीन किलोमीटर लांब आणि बऱ्याचदा टेकडीवर, कारण गाडी टेकडी चढत नव्हती. ते जादाचे किलोमीटर दिवसाच्या हिशोबात धरा.